अप्पारावांचा हौद

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हौद सरळ दिसायचा, म्हणून रत्नमालाबाईंनी त्या खिडकीला जाड पडदा लावून टाकला होता. दोन वर्षं होत आली, पडदा सरकवलेला नव्हता. भाजी चिरायची तर दिवसाढवळ्या दिवा लावायचा, पण हौद बघायचा नाही.

बाकीचे त्याला स्विमिंग पूल म्हणत. अप्पाराव औताडे मात्र पहिल्यापासून हौदच म्हणत आले. शहराला लागूनच्या सातारा परिसरातली वडिलोपार्जित जमीन प्लॉट पाडून विकली तेव्हा त्यांनी एक तुकडा घरासाठी राखला, त्यावर बंगला बांधला आणि बंगल्याच्या मागं हा हौद बांधून घेतला. भावकीनं नावं ठेवली. "विहिरी बुजवल्या अन् आता घरात पोहतोय," असं लग्नाकार्यात ऐकू येईल असं बोलायचे. अप्पाराव हसायचे. त्यांचं बालपणच विहिरीत गेलं होतं. पहाटे उठून धोतराचा काचा मारायचे आणि अशी उडी घ्यायचे की खिडकीच्या काचेवर शिंतोडे यायचे. रत्नमालाबाई आतून ओरडायच्या, "अहो, दूध उतू जाईल माझं, आवाज केवढा तो!"

मग एका सकाळी ते पलंगावरून उठलेच नाहीत. अर्धांगवायूनं उजवी बाजू नेली, वाचाही नेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडं दोनच शब्द उरले होते. हाक मारायची तर "ए", आणि बाकी सगळ्याला "नाय".

माणूस धिप्पाड. त्याला कुशीवर वळवायचं, बसतं करायचं, खुर्चीवर घ्यायचं, न्हाणीत न्यायचं. सुरुवातीला नातेवाईक येत होते, मग त्यांचं येणं सणावारावर गेलं. दोनदा माणूस ठेवून बघितला, पण अप्पाराव परक्या हाताला अंग लावू देईनात. डाव्या हातानं ढकलून द्यायचे. राहता राहिल्या रत्नमालाबाई. साठीला आलेली बाई, कमरेला पट्टा बांधून नवरा उचलत होती. मुलगा सार्थक पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, "आई, मी येऊ का?" आणि त्या म्हणायच्या, "नको रे, चाललंय." चाललंय हे खरंच होतं. कसं चाललंय ते त्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

फिजिओथेरपीला उस्मानपुऱ्याहून रूपा नावाची मुलगी यायची. एकदा हात धुताना ती म्हणाली, "काकू, यांना पाण्यात उभं करून बघू या का? पाण्यात पायावर भार येत नाही. लोकांना त्यासाठी कुठं कुठं जावं लागतं. तुमच्या तर घरातच पूल आहे."

"तो काय पूल राहिलाय आता?" रत्नमालाबाई म्हणाल्या.

पण रूपा गेल्यावर त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या. हौद कोरडा पडला होता. तळाशी कडुलिंबाचा पाला साचून काळा झालेला. भिंतींचा रंग पोपडे धरून सुटला होता, हात लावला की पांढरी भुकटी बोटांना यायची. त्या काठावर थोडा वेळ उभ्या राहिल्या. एवढं सगळं नीट करायचं म्हणजे आणखी एक काम, असं मनात आलं आणि तिथंच खाली बसावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी छावणीतल्या रंगाच्या दुकानात फोन केला.

दुकानदारानं हनुमानला धाडलं. चाळिशीचा, काटक माणूस. फुलंब्रीकडचा. घरची मेंढरं थोरला भाऊ सांभाळतो आणि हा बायकोला घेऊन शहरात रंगकाम करतो, असं त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं. बायको शालू त्याच्यासोबतच होती. हनुमान पायऱ्या उतरून हौदात गेला, भिंतीला नख लावून बघितलं आणि वर बघत म्हणाला, "काकू, ह्याला इपॉक्सीचा रंगच लागन. पण टाइम लागतो बरं का. जुनं सगळं खरवडून काढावं लागतं, अन् जागा पार सुकी पायजे."

"सुकीच आहे की. दोन वर्षं थेंब नाही त्याच्यात."

"वरून सुकी दिसती. आतली ओल बघावी लागती." त्यानं तळाला प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं चारी बाजूंनी डकवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून थेंब जमलेले निघाले. बागेच्या नळाचा पाइप कुठंतरी गळत होता. तो बंद करून पुन्हा वाट बघणं आलं. रत्नमालाबाईंना वाट बघायची सवय होती.

मग एका सकाळी घासायचं मशिन सुरू झालं. आवाज घरभर घुमला, आणि आतल्या खोलीतून अप्पाराव ओरडायला लागले, "ए! ए! ए!"

"आता हे पण सहन होईना का तुम्हाला?" म्हणत त्या हात पुसत गेल्या. त्यांनी खोलीची खिडकी लावून घेतली. अप्पाराव आणखी चिडले. डावा हात पुन्हा पुन्हा दाराकडं करत होते. रत्नमालाबाईंना कळायला वेळ लागला.

"बाहेर जायचंय?"

अप्पाराव गप्प झाले. दवाखान्यातून आल्यापासून ते स्वतः होऊन बाहेर जायचं म्हणालेच नव्हते. ओट्यावर न्यायला गेलं तरी "नाय" म्हणायचे. रत्नमालाबाईंनी त्यांना खुर्चीत घेतलं, चाकं ढकलत मागच्या अंगणात आणलं, लिंबाच्या सावलीत लावलं, ब्रेक दाबला. धूळ उडत होती म्हणून त्यांच्या नाकातोंडाला उपरणं बांधलं. वरून नुसते डोळे दिसत होते, आणि ते हौदात होते.

हनुमाननं मशिन बंद केलं. धुळीनं तो भुतासारखा पांढरा झाला होता. "राम राम अप्पा! हौद तुमचा का? लई झ्याक बांधलाय. या की खाली, एक हात मारा मशिनीवर."

अप्पारावांनी उपरण्याच्या आतून कसलासा आवाज काढला. हसल्यासारखा.

त्यानंतर रोज सकाळी तेच. मशिनचा आवाज आला की "ए". खुर्ची, सावली, उपरणं. जुना रंग निघाला, मग धुणं, मग पुन्हा सुकणं, मग भेगांमध्ये लांबीचा लगदा भरणं. अप्पारावांच्या मांडीवर काठी असायची. कुठं भेग राहिली की ते काठी खुर्चीवर आपटायचे आणि टोकानं दाखवायचे. कधी तिथं खरंच भेग असायची, कधी काहीच नसायचं. हनुमान दोन्ही वेळा जाऊन बघायचा. "व्हय अप्पा, घेतो. तुमी आमचे मुकादम." आणि काम संपवून वर येताना रोजचं ठरलेलं, "या की हो खाली. किती दिवस वरूनच बघणार?"

शालू लांबीनं भरल्या हातांनी काम करायची, पण तिचं लक्ष चहूकडं असायचं. एकदा चहाचा कप परत देताना ती म्हणाली, "काकू, तुमी बसतच नाय का कवा?"

"बसते की."

"मी इतक्या दिवसांत पाह्यलं नाय."

रत्नमालाबाई कप विसळायला वळल्या.

रंग लावायला घेतला तेव्हा ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. दोन डब्यांतलं एकत्र करायचं, मशिननं घोटायचं, आणि मग थांबायची सोय नाही, असं हनुमान म्हणाला. एकदा कालवलं की घट्ट व्हायच्या आत भिंतीवर गेलं पाहिजे. म्हणून ते दोघं उजाडायच्या सुमाराला यायचे आणि ऊन चढायच्या आत आटोपायचे. पहिला हात बसला. हौद निळा झाला, ओला ओला निळा, पाणी नसताना पाणी असल्यासारखा. अप्पाराव त्या दिवशी काठी आपटायचं विसरून गेले.

दुसऱ्या हाताच्या दिवशी शालू औरंगपुऱ्यात रोलर आणायला गेली होती. एक रोलर फाटला होता. हनुमान एकटाच खोल बाजूच्या भिंतीला रंग लावत होता. त्या भिंतीलगतची पट्टी सोडून बाकी तळ आणि पायऱ्या त्यानं आधी करून घेतल्या होत्या. स्वतः उतरायला-चढायला कडेला शिडी लावली होती. अप्पाराव सावलीत बसलेले. रत्नमालाबाई त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, ओट्यावर मेथी निवडत बसल्या. रात्रभर अप्पारावांच्या पोटात दुखत होतं, दोघांनाही झोप नव्हती. मेथीची जुडी मांडीवर, पाठ भिंतीला. रोलर भिंतीवरून फिरताना एकसारखा चिकट आवाज करत होता. त्यांचा डोळा लागला.

जागं केलं ते हनुमानच्या ओरडण्यानं. "अप्पा! ओ अप्पा! हलू नका!"

खुर्ची रिकामी होती. ब्रेक लावलेलाच होता. अप्पाराव खुर्चीतून खाली घसरले होते, डाव्या हातावर आणि डाव्या पायावर बुड सरकवत हौदाच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते आणि ओल्या रंगातून दोन पायऱ्या उतरलेही होते. आता तिसऱ्या पायरीवर तोल जाऊन एका बाजूला कलले होते. हनुमाननं रोलर बादलीतच टाकला आणि ओल्या तळावरून धावला. पोहोचता पोहोचता त्याचा पाय निसटला, गुडघा टेकला, पण त्यानं अप्पारावांना छातीशी धरलं. दोघं तसेच निळ्यात बसले.

रत्नमालाबाई पायऱ्या उतरून गेल्या. पाय चिकटत होते, साडीचा काठ रंगात लोळत होता, त्यांना काही दिसत नव्हतं. अप्पारावांचं डोकं, कपाळ, हात, सगळं चाचपून बघितलं. कुठं लागलेलं नव्हतं. आणि लागलेलं नाही हे कळल्यावरच त्यांचा आवाज फुटला.

"मेले असते म्हंजे? तोंडावर पडले असते म्हंजे? काय करायला आले होते इथं? माझा डोळा लागला! दोन वर्षांत एकदा लागला, तेवढाही बघवला नाही का तुम्हाला? मी काय दगडाची हाय? दमले मी! ऐकू येतं का? दमले!"

शहरात इतकी वर्षं काढून घासलेली त्यांची बोली पार माहेरच्या गावाला जाऊन पोहोचली होती. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या गीताबाई थबकून बघत होत्या. रत्नमालाबाईंना तेही दिसलं नाही. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि निळ्या हातांनी तोंड झाकून रडल्या.

अप्पाराव त्यांच्याकडं बघत होते. "नाय," ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "नाय. नाय." रोजचा नकार हा नव्हता. कशाला नाही म्हणत होते ते रत्नमालाबाईंना कळलं नाही. पण त्यांनी तोंडावरचे हात काढले.

हनुमान मान खाली घालून बोलला. "काकू, आधी पुसून घेऊ. हा रंग अंगावर धरला तर कातडं निघन. गोडंतेल अन् चिंध्या आणा. थिनर नको, आग होती."

दोघांनी मिळून अप्पारावांना वर घेतलं. तेल लावून, चिंध्यांनी, मग साबणानं. तेवढ्यात शालू आली. तिनं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि अप्पारावांचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतला रंग काढायला लागली. रत्नमालाबाईंच्या लक्षात आलं, की अप्पाराव तिला ढकलत नव्हते.

खाली हौदात ठेवलेल्या बादलीतून धूर निघायला लागला. कालवलेला रंग तसाच राहून तापला होता. हनुमाननं ती बादली फडक्यानं धरून वर आणली आणि झाडाखालच्या मातीत ठेवून दिली. थोड्या वेळानं आत दगडासारखा निळा गोळा झाला होता, रोलरची काठी त्यात उभी.

"माझंच चुकलं," हनुमान म्हणाला. "रोज त्यांना खाली या, खाली या म्हणायचो. गमतीनं म्हणायचो हो."

रत्नमालाबाई तेलकट हात पुसत होत्या. "अरे, त्यांना दुसरं कुणी या म्हणतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

शालूनं अप्पारावांना स्वच्छ करून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काकू, जा, आडव्या व्हा. मी बसते यांच्यापाशी."

"तुझं काम—"

"आज काय काम व्हतंय आता? जावा."

त्या गेल्या. दिवेलागणीला जाग आली तेव्हा घरात शांतता होती. धावतच बाहेर आल्या. अप्पाराव ओट्यावर होते, शालू त्यांना पेज भरवत होती. हनुमान खाली पायऱ्यांवर टॉर्च धरून रंग कुठवर बिघडलाय ते बघत होता. पायऱ्यांवर बुड घासल्याचा लांब ओरखडा, तिघांची पावलं, तळाला हनुमानच्या गुडघ्याची घसरण.

"सुकला की पॉलिश पेपर मारतो अन् परत हात देतो. कळणार पण नाय," तो म्हणाला.

त्या रात्री सार्थकचा फोन आला. रत्नमालाबाईंनी झालं ते सगळं सांगितलं. पोटदुखीपासून बादलीच्या धुरापर्यंत. मग त्यानं नेहमीचंच विचारलं, "आई, मी येऊ का?"

"ये," त्या म्हणाल्या.

पायऱ्या आणि तळ पुन्हा घासले गेले, पुन्हा रंग लागला. त्यानंतर आठवडाभर हौदाला कुणी हात लावायचा नव्हता. इतकं ऊन असूनही आतून पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतोच, असं हनुमाननं बजावलं होतं. मग बोअरला मोटर लावली. बोअर उन्हाळ्याचं, घटकाभर चालायचं आणि दम तोडायचं. एक टँकरही बोलवावा लागला. टँकर दारात उभा असताना गीताबाई फाटकाशी आल्या.

"रत्नमाला, आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. अन् तुम्ही हौद भरताय?"

एरवी रत्नमालाबाईंनी डॉक्टर, फिजिओथेरपी, सगळं सांगितलं असतं. आज त्या फाटकाला टेकल्या आणि म्हणाल्या, "खरं हाय तुमचं."

मग गीताबाईंनीच विचारलं, "त्या दिवशी लागलं तर नाही ना त्यांना?" टँकर निम्मा रिकामा झाल्यावर रत्नमालाबाईंनी पाइप काढायला लावला. कंबरेएवढं पाणी पुरे होतं. राहिलेलं पाणी गीताबाईंच्या टाकीत सोडलं.

शनिवारी सार्थक आला. रविवारी सकाळी रूपा आली. हनुमानही आला, शालूला घेऊन. त्याचं तिथं काही काम नव्हतं.

सगळ्यांनी मिळून अप्पारावांना खाली नेलं. पाणी घोट्याला लागलं आणि ते आक्रसले. विहिरीच्या काठावरून उडी मारणारा माणूस, गुडघाभर पाण्यात थरथरायला लागला. डाव्या हातानं सार्थकचा शर्ट असा घट्ट धरला की बटण तुटलं. "नाय! नाय!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आज राहू द्यायचं का?" रूपा म्हणाली.

रत्नमालाबाई काठावर उभ्या होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याचं भय वाटायचं. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पायऱ्यांशी लावलेल्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. गार पाणी पोटाशी आलं तेव्हा श्वासच अडकला. तरी त्या अप्पारावांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि मेलेल्या हाताखालून स्वतःचा हात घातला, रोज घालायच्या तसा.

"मी बी भ्यालेय," त्या म्हणाल्या. "चला."

अप्पाराव चालले नाहीत. उजवा पाय पाण्यात नुसता तरंगत बाजूला गेला, रूपानं तो धरून पुढं ठेवला, तो पुन्हा सरकला. पण त्यांचं थरथरणं थांबलं. हळूहळू सार्थकचा शर्ट सुटला. कठड्याला धरून ते उभे राहिले, मान वर करून, डोळे मिटून. रूपा म्हणाली, पहिल्या दिवशी एवढं खूप झालं.

बाहेर काढणं सगळ्यांत अवघड गेलं. पाण्यातून वर येता येता त्यांचं सगळं वजन परत आलं. ओले कपडे, ओलं अंग, धरायला काही सापडेना. सार्थक खालून, हनुमान वरून, दोघांच्या माना ताणल्या. खुर्चीत बसवलं तेव्हा सार्थक धापा टाकत फरशीवरच बसला. तो आईकडं बघत राहिला.

"हे तू रोज एकटी करतेस?"

रत्नमालाबाई अप्पारावांचं डोकं पुसत होत्या. "करत होते," त्या म्हणाल्या.

सोमवारपासून अप्पारावांचं करायला सारजाबाई यायला लागल्या, शालूच्या नात्यातल्या. पहिले काही दिवस अप्पारावांनी त्यांना ढकललं, मग सोडून दिलं. सार्थक पंधरा दिवसांनी येतो. कधी येत नाही, मग फोनवर त्याची आई त्याला बोलते. उन्हाळा संपेपर्यंत अप्पाराव पाण्यात कठड्याला धरून उजवा पाय पुढं टाकायला शिकले. जमिनीवर अजून जमलेलं नाही, जमेल असं रूपाही छातीठोक सांगत नाही. दुपारी सारजाबाई त्यांना सावलीत घेऊन बसतात, आणि रत्नमालाबाई आत जाऊन दार लोटून झोपतात.